वार्तेचा दुभाष्या

सकाळीं वर्तमानपत्र उघडतांच वाचकाची दृष्टि प्रथम मथळ्यावर जाते. मथळ्याखालीं कधीं बातमीदाराचें नांव असतें, कधीं वृत्तसंस्थेचें असतें. परंतु दूरच्या देशांतील ती बातमी ज्या माणसाच्या हातून एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत आली, त्याचें नांव सहसा कोठेंच छापलेलें नसतें. मळ्यांत पाणी खेळूं लागलें म्हणजे विहिरीची आठवण होते, मोटेची होते. पाट कोणीं खणला याची विचारपूस कोणी करीत नाहीं. बातमीच्या भाषांतरकाराची गति अशीच आहे.

आणि तरीही असा माणूस मिळणें ही सोपी गोष्ट नव्हे. ब्रुसेल्समधील किंवा गेंटमधील एखाद्या वृत्तपत्राच्या चालकास फ्रेंचमधील बातम्या डच भाषेंत आणणारा माणूस पाहिजे आहे, अशी कल्पना करावी. त्यानें तो कोठें शोधावा? दोन्ही भाषा बोलणारा कोणीही चालेल काय? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटांत चारशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे. त्या इतिहासाचा धागा धरून गेलें म्हणजे असें दिसून येतें कीं, एखाद्या समाजांत दुभाष्या कोणत्या बाजूस सांपडतो यावरून त्या समाजांत वर्चस्व कोणाचें आहे हें ओळखतां येतें.

आरंभीं या दोन भाषांचा प्रदेश ध्यानांत घेतला पाहिजे. डच ही हॉलंडची भाषा. परंतु हॉलंडच्या दक्षिणेस जो बेल्जियम देश आहे त्याच्या उत्तरार्धांतही, म्हणजे फ्लांडर्समध्यें, तीच भाषा चालते व तेथें तिला लोकव्यवहारांत फ्लेमिश म्हणतात. बेल्जियमच्या दक्षिणेकडील भागास वालोनिया असें नांव असून तेथील भाषा फ्रेंच आहे. राजधानी ब्रुसेल्स ही फ्लेमिश प्रदेशानें वेढलेली असली तरी तेथें दोन्ही भाषांस मान्यता आहे. एकाच राज्यांत, एकाच राजाच्या छत्राखालीं या दोन भाषा नांदत आहेत. आणि सख्ख्या जावांप्रमाणें त्यांचें सूत कधीं जमलें आहे तर कधीं मोडलें आहे.

या दोन भाषांमधील बातमीची देवघेव मात्र बेल्जियमच्या जन्माच्या पुष्कळ आधीं सुरू झाली. १५८५ सालीं अँटवर्प शहर स्पेनच्या सैन्याच्या हातीं पडलें आणि धर्माकरितां व पोटाकरितां हजारों कुटुंबें दक्षिणेकडून उत्तरेस निघून गेलीं. त्यांत डच बोलणारे होते तसे फ्रेंच बोलणारेही होते. व्यापारी होते तसे छापखान्यांतील कारागीरही होते. त्यांच्या येण्यानें अॅमस्टरडॅमची पेठ भरभराटीस आली. पेठ म्हटली कीं बातमी आलीच. कोणतें जहाज सुखरूप आलें, कोणत्या राजानें कोणावर स्वारी केली, हें कळल्यावांचून मालाचा भाव ठरत नाहीं. १६१८ च्या सुमारास कास्पर व्हान हिल्टेन या गृहस्थाचें डच वार्तापत्र तेथें निघत होतें. १६२० सालीं त्यानें त्याचीच फ्रेंच आवृत्ति काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पीटर व्हान डेन केर यानें त्याच शहरांत इंग्रजी वार्तापत्र छापून विलायतेस पाठविलें. पॅरिसमध्यें रनोदोचें प्रसिद्ध ‘गाझेत’ निघालें तें १६३१ सालीं. म्हणजे फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही बड्या भाषांतील अगदीं आरंभींचीं वार्तापत्रें डच शहरांत, आणि तींही भाषांतराच्या रूपानें जन्मास आलीं. मूळ कोणतें व भाषांतर कोणतें याविषयीं जे कोणी अभिमान बाळगतात त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

पुढें १६८५ सालीं फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें प्रॉटेस्टंटांस दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली, आणि ह्यूगेनॉट म्हणून ओळखले जाणारे फ्रेंच प्रॉटेस्टंट देशोधडीस लागले. त्यांपैकीं पुष्कळांनीं हॉलंडचा आश्रय केला. त्यांच्या लेखणीमुळें हॉलंडांत फ्रेंच वृत्तपत्रांस बहर आला. पॅरिसमध्यें जें छापतां येत नसे तें लायडन व अॅमस्टरडॅम येथें छापलें जाई आणि सीमा ओलांडून पुनः फ्रान्समध्यें जाई. लायडनचें ‘गाझेत द लेद’ हें पत्र ह्यूगेनॉट वंशांतील ल्यूझाक घराण्यानें अठराव्या शतकांत नांवारूपास आणलें. झां ल्यूझाक हा त्याचा संपादक असतांना त्याचा लौकिक इतका वाढला कीं, अमेरिकेंतील जॉन अॅडम्स व जेफर्सन यांच्यासारखे मुत्सद्दीही तें पत्र वाचीत. या पत्रांत डच बंदरांतून, पोलंडांतून, तुर्कस्तानांतून आलेल्या वार्ता फ्रेंचमध्यें उतरविल्या जात. सतराव्या शतकाच्या आरंभीं काय किंवा शेवटीं काय, भाषांतरकार सांपडला तो परागंदा झालेल्या लोकांत. ज्याचें घर गेलें त्याच्या पदरीं दोन भाषा आल्या.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पारडें फिरलें. १७९५ सालीं आजच्या बेल्जियमचा प्रदेश फ्रान्सला जोडण्यांत आला. १८०३ सालच्या जूनमध्यें असा हुकूम सुटला कीं, वर्षाच्या मुदतीनंतर तेथील सर्व सरकारी दस्तऐवज फ्रेंच भाषेंतच झाले पाहिजेत; पक्षकारानें मागणी केल्यास कागदाच्या अर्ध्या समासांत देशभाषेंत भाषांतर लिहावयास हरकत नाहीं. या एका वाक्यांत पुढील शंभर वर्षांचें भविष्य सांठविलेलें होतें. डच भाषा कागदाच्या मध्यावरून उठून समासांत जाऊन बसली. १८१० सालीं खुद्द हॉलंडही नेपोलियनच्या साम्राज्यांत सामील झालें.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ सालीं हॉलंड व बेल्जियम यांचें एक राज्य करण्यांत आलें आणि पहिला विल्यम राजा गादीवर बसला. त्यानें समासांतील भाषा पुनः मध्यावर आणण्याचा घाट घातला. १८१९ च्या फर्मानानें फ्लेमिश प्रांतांत १८२३ पासून कचेऱ्या व न्यायालयें यांची भाषा डच ठरली. परंतु तेथील वकील, अधिकारी व बडे नागरिक यांची सारी विद्या फ्रेंचमध्यें झालेली होती. त्यांस हें जुलमाचें वाटलें. त्यांत वृत्तपत्रांवरील खटल्यांची भर पडली. लुई द पोतेर या लेखकास १८२८ सालीं ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच पत्रांतील लेखांबद्दल अठरा महिन्यांची कैद झाली. राजानें १८३० च्या जूनमध्यें भाषाविषयक फर्मान मागें घेतलें, पण फार उशीर झाला होता. ऑगस्टच्या २५ तारखेस ब्रुसेल्सच्या नाट्यगृहांतून बाहेर पडलेल्या जमावानें सरकारपक्षीय वृत्तपत्राचा संपादक लिब्री-बान्यानो याच्या घराची मोडतोड केली, आणि त्या दंग्यांतून बेल्जियमचें स्वतंत्र राज्य निर्माण झालें.

नव्या राज्याची घटना १८३१ च्या फेब्रुवारींत झाली. तींत मुद्रणस्वातंत्र्य निःसंदिग्ध शब्दांत दिलें होतें आणि भाषास्वातंत्र्यही दिलें होतें. परंतु हें भाषास्वातंत्र्य जितकें प्रजेचें तितकेंच अधिकाऱ्याचेंही होतें. आणि अधिकारी फ्रेंच वापरीत. आदल्या नोव्हेंबरांतच अस्थायी सरकारनें ठरवून टाकलें होतें कीं, कायद्याचा अधिकृत पाठ फ्रेंच राहील व निरनिराळ्या प्रांतांच्या गव्हर्नरांनीं फ्लेमिश किंवा जर्मन भाषांतर प्रसिद्ध करावें. म्हणजे देशांतील सुमारें अर्ध्याहून अधिक लोकांस आपल्या देशाचा कायदा भाषांतरांत वाचावा लागे, आणि त्या भाषांतरास कायद्याचें बळ नसे.

बातमीचेंही तेंच झालें. संसदेंत भाषणें फ्रेंचमध्यें, मंत्र्यांचीं पत्रकें फ्रेंचमध्यें, न्यायालयाचे निकाल फ्रेंचमध्यें. १८४८ सालीं वृत्तपत्रांवरील स्टँप-कर उठला आणि स्वस्त पत्रांस वाव मिळाला. परंतु फ्लेमिश पत्राच्या संपादकापुढें संध्याकाळीं जो ढीग पडे तो बहुतेक फ्रेंच कागदांचाच असे. एका हातांत कात्री व दुसऱ्या हातांत लेखणी घेऊन त्यास अंक उभा करावा लागे. संपादक होण्यापूर्वीं त्याला भाषांतरकार व्हावें लागे.

याच काळांत बातमीचा धंदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, आणि त्याचेंही मूळ भाषांतरांतच होतें. पॅरिसमध्यें शार्ल-लुई आव्हास यानें १८३२ सालीं परदेशी वृत्तपत्रांतील मजकूर फ्रेंचमध्यें उतरवून देणारी कचेरी काढली. १८३५ सालीं तिचेंच वृत्तसंस्थेंत रूपांतर झालें. त्या कचेरींत भाषांतराचें काम केलेल्या माणसांत दोन जर्मन होते: एक बर्नहार्ड वोल्फ, ज्यानें पुढें बर्लिनमध्यें स्वतःची वृत्तसंस्था काढली, आणि दुसरा पॉल ज्यूलियस रॉयटर. बर्लिनहून आखेनपर्यंत तार आली होती व पॅरिसहून ब्रुसेल्सपर्यंत तार आली होती, परंतु मधला तुटक भाग राहिला होता. १८५० सालीं रॉयटरनें ब्रुसेल्स व आखेन यांच्यामध्यें कबुतरें उडविलीं व बाजारभावांच्या चिठ्ठ्या आगगाडीच्या आधीं पोंचविल्या. त्याच रॉयटरच्या संस्थेची कचेरी १८६६ सालीं मुंबईंत उघडली. मराठी वाचकास पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेलें हें नांव मुळांत एका भाषांतरकाराचें आहे, हें पुष्कळांस माहीत नसेल.

बेल्जियममध्यें भाषांतराचें हें ओझें दोन्ही बाजूंनीं सारखें वाहिलें जात नव्हतें. फ्लांडर्समधील माध्यमिक शाळांत शिक्षण फ्रेंचमध्यें चाले. १८८३ च्या कायद्यानें सरकारी शाळांत डच भाषेस कांहीं जागा मिळाली, तीही थोडी. त्यामुळें शिकलेला फ्लेमिश तरुण अपरिहार्यपणें दुभाषी होई. वालोनियांतील तरुणास डच शिकण्याचें कारणच पडत नसे. नोकरी, अब्रू, न्याय, विद्या हीं सारीं त्याच्या मातृभाषेंत हात जोडून उभीं होतीं. यामुळें फ्रेंचमधून डचमध्यें बातमी आणणारा माणूस शोधावयाचा तर तो फ्लेमिश घरांतच सांपडे. दुभाष्या तोच होतो ज्याला व्हावें लागतें.

ज्याला शाळेंत जाण्याचें भाग्य लाभलें नाहीं त्याची काय अवस्था होई, याची आठवण फ्लांडर्समध्यें एका खटल्याच्या रूपानें राहिली आहे. यान कूके व पीटर खूताल्स या दोन फ्लेमिश मजुरांस शार्लरवाच्या परिसरांतील एका विधवेच्या खुनाबद्दल १८६० सालीं देहान्त शिक्षा झाली. खटला फ्रेंचमध्यें चालला. नोव्हेंबरच्या १६ तारखेस शार्लरवा येथें त्यांचा शिरच्छेद करण्यांत आला. पुढें एका दरोडेखोर टोळीच्या खटल्यांत त्यांच्या अपराधाविषयीं शंका उपस्थित झाल्या. ते सर्वस्वी निर्दोष होते कीं नाहीं, आणि भाषेमुळेंच त्यांचा घात झाला काय, याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. परंतु फ्लेमिश वृत्तपत्रांनीं जो प्रश्न विचारला तो कोणासही खोडून काढतां आला नाहीं: ज्या भाषेंत माणसाचा गळा कापण्याचा निर्णय होतो ती भाषा त्या माणसास समजावी कीं नाहीं? १८७३ च्या कायद्यानें फ्लांडर्समधील फौजदारी खटले तत्त्वतः डचमध्यें चालावेत असें ठरलें. कोरेमान्स व द व्ह्रीन्ट या दोन लोकप्रतिनिधींच्या नांवानें ओळखला जाणारा समतेचा कायदा १८९८ च्या एप्रिलमध्यें झाला, आणि तेव्हांपासून बेल्जियमचे कायदे दोन्ही भाषांत मंजूर होऊन दोन्ही भाषांत सारख्याच अधिकारानें प्रसिद्ध होऊं लागले. खुद्द राज्यघटनेचा डच पाठ फ्रेंचच्या बरोबरीचा ठरण्यास मात्र १९६७ साल उजाडावें लागलें.

इतक्या झगड्यानंतर जें काम प्रतिष्ठेस चढलें, त्याला अंगीं कोणते गुण लागतात हें पाहिलें पाहिजे. कादंबरीचें भाषांतर करणारास वेळ असतो. एखादा शब्द न सुचला तर तो चार दिवस वाट पाहूं शकतो. कायद्याचें भाषांतर करणारापुढें ठराविक परिभाषा असते. बातमीच्या भाषांतरकारापुढें घड्याळ असतें, आणि घड्याळाच्या मागें छापखाना असतो. शिवाय त्याची चूक दुसऱ्या दिवशीं हजारों घरांत पोंचलेली असते.

त्या चुकीचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो, याचें उदाहरण फ्रान्स व प्रशिया यांच्यामधील १८७० च्या प्रसंगांत मिळतें. एम्स येथें प्रशियाचा राजा व फ्रेंच वकील यांची भेट झाली. नंतर वकिलास यापुढें कांहीं सांगावयाचें नाहीं असा निरोप राजानें आपल्या सेवेंतील ‘अॅड्ज्यूटंट’मार्फत पाठविला. जर्मनमध्यें या शब्दाचा अर्थ राजाच्या तैनातींतील प्रतिष्ठित लष्करी अधिकारी असा होतो. आव्हास संस्थेच्या फ्रेंच भाषांतरांत तो शब्द तसाच राहिला; परंतु फ्रेंच सैन्यांत त्याच नांवाचा मनुष्य म्हणजे हवालदाराच्या तोडीचा कनिष्ठ अंमलदार. फ्रान्सच्या वकिलाची बोळवण राजानें एका हवालदाराकडून केली, अशी पॅरिसकरांची समजूत होऊन ते खवळून उठले. बिस्मार्कनें तारेचा मजकूर मुद्दाम छाटून बोचक केला होता हें खरें, आणि युद्धाचीं कारणें खोल होतीं हेंही खरें. परंतु आगींत तेल पडलें तें एका न बदललेल्या शब्दाचें. जुलैच्या १९ तारखेस युद्ध पुकारलें गेलें.

फ्रेंच व डच यांच्यामध्येंही असे खड्डे पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत घातक खड्डा व्याकरणाचा आहे. फ्रेंच वृत्तपत्रांची अशी रीत आहे कीं, बातमीची खातरजमा झालेली नसली म्हणजे क्रियापद संकेतार्थी रूपांत घालावयाचें. ‘मंत्र्यानें राजीनामा दिला’ असें न लिहितां क्रियापदाचें ‘ओरे’ हें रूप योजलें कीं वाचक समजतो, मंत्र्यानें राजीनामा दिल्याचें बोललें जातें, अजून नक्की नाहीं. डचमध्यें हेंच काम ‘झौ’ या साहाय्यक क्रियापदानें होतें. वाङ्मयाचें फ्रेंच जाणणारा पण वृत्तपत्राची रीत न जाणणारा मनुष्य येथें हटकून फसतो. तो एक तर अफवेची बातमी करतो, नाहीं तर ‘अमुक झालें असतें तर मंत्र्यानें राजीनामा दिला असता’ असा भलताच अर्थ काढतो. एका रूपाच्या चुकीनें मंत्रि गडगडावा किंवा अब्रुनुकसानीची फिर्याद व्हावी, इतका त्यांत धोका आहे.

दुसरा खड्डा आंकड्यांचा. डच मनुष्य २५ हा आंकडा ‘पांच आणि वीस’ असा म्हणतो, म्हणजे आपल्या पंचविसाप्रमाणेंच एकक आधीं व दशक मागून. फ्रेंच मनुष्य ‘वीस पांच’ म्हणतो. शिवाय फ्रान्समध्यें ९७ म्हणावयाचे झाल्यास ‘चार विसा आणि सतरा’ असें म्हणतात. आपल्याकडील खेड्यांतील म्हातारी विशांनीं मोजते त्याच थाटाचें तें मोजणें आहे. बेल्जियममधील फ्रेंच लोक मात्र ७० व ९० यांस स्वतंत्र शब्द वापरतात. दूरध्वनीवरून किंवा भाषण ऐकतां ऐकतां आंकडे टिपणाऱ्या भाषांतरकारास ५२ चे २५ करण्यास क्षणभर लक्ष ढळणेंही पुरेसें होतें; आणि अंदाजपत्रकाच्या बातमींत आंकडा चुकला म्हणजे बाकी सारी शैली व्यर्थ.

तिसरी गोष्ट स्थळनामांची. फ्रेंचांचें मोंस गांव डचमध्यें बेर्खन होतें. लिएजचें लॉइक, तूर्नेचें डोर्निक आणि लीलचें रायसेल होतें. मोंस म्हणजे डोंगर व बेर्खन म्हणजेही डोंगर. नांवाचेंच भाषांतर झालेलें आहे. नवखा मनुष्य तीं निराळीं गांवें समजतो. चौथी गोष्ट याहून नाजूक. नगराध्यक्षाच्या कार्यकारी सहकाऱ्यास फ्रेंचमध्यें ‘एशेव्हँ’ म्हणतात. हा शब्द डचमध्यें आणतांना वाचक बेल्जियमचा असेल तर ‘स्खेपन’ लिहावें लागतें आणि हॉलंडचा असेल तर ‘वेतहौडर’. भाषा एकच, परंतु राज्य निराळें, म्हणून पदाचें नांव निराळें. यासाठीं भाषांतरकाराच्या शोधांत असलेल्या चालकानें ‘तुला डच येतें काय’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘कोणासाठीं लिहितोस’ हेंही विचारावें. जो भाषा जाणतो तो शिक्षक होईल. जो भाषा, कारभार, भूगोल व वृत्तपत्राची रीत हीं चारही जाणतो तोच या कामाचा.

विसाव्या शतकांत फ्लेमिश पत्रांनीं स्वतःच्या पायावर उभें राहण्यास आरंभ केला. ‘हेत लात्स्ते नीव्स’ हें पत्र १८८८ पासून चालू होतेंच. पहिलें महायुद्ध संपतांच १९१८ च्या डिसेंबरांत ‘द स्टांडार्ड’ निघालें. १९२० सालीं ब्रुसेल्समध्यें बेल्गा या राष्ट्रीय वृत्तसंस्थेची स्थापना झाली, आणि तीच संस्था आज फ्रेंच व डच अशा दोन्ही भाषांत बातम्या पुरविते. १९३० सालीं गेंटचें विद्यापीठ पूर्णपणें डच झालें. १९३२ च्या कायद्यांनीं फ्लांडर्समध्यें डच व वालोनियांत फ्रेंच ही कारभाराची व शिक्षणाची भाषा ठरली. न्याय झाला, परंतु त्या न्यायाची एक बाजू कोणाच्या फारशी ध्यानांत आली नाहीं. फ्लेमिश मुलास फ्रेंचमधून शिकण्याची सक्ति जसजशी उरली नाहीं, तसतसा घरोघर आपोआप तयार होणारा दुभाष्याही विरळ होत गेला.

दोन भाषांच्या या घरांत राष्ट्रीय नभोवाणीचें आगमन झालें तें १९३० सालच्या कायद्यानें. एकच राष्ट्रीय संस्था, परंतु फ्रेंचचा कार्यक्रम निराळा व डचचा निराळा. दहा वर्षांनीं, १९४० च्या मे महिन्यांत, जर्मन सैन्यानें बेल्जियम व्यापला. तेव्हां लंडनहून ब्रिटिश नभोवाणीच्या द्वारें बेल्जियन लोकांसाठीं दोन्ही भाषांत बातम्या सुरू झाल्या. फ्रेंचमध्यें व्हिक्तर द लाव्हले बोलत. डचमध्यें नांद खेर्सेन्स ‘यान मूडविल’ हें टोपण नांव घेऊन बोलत. आक्रमकांनीं फ्लेमिश व वालोन यांच्यांत भेद पाडण्याचें धोरण ठेवलें होतें, त्यामुळें एका भाषेंत जें सांगावयाचें तें दुसऱ्या भाषेंत वेगळ्या सुरांत जाऊन चालण्यासारखें नव्हतें.

१४ जानेवारी १९४१ रोजीं लाव्हले यांनीं आपल्या श्रोत्यांस एक सूचना केली. प्रत्येकानें जेथें जमेल तेथें ‘व्ही’ हें अक्षर काढावें. फ्रेंचमध्यें विजयास ‘व्हिक्त्वार’ म्हणतात. डचमध्यें स्वातंत्र्यास ‘व्ह्रायहाइट’ म्हणतात. दोहोंचें आद्याक्षर एकच. शब्द निराळे, अर्थही थोडे निराळे, परंतु विजयावांचून स्वातंत्र्य नाहीं हें दोन्ही भाषकांस पटलेलें. थोड्याच दिवसांत बेल्जियमच्या भिंतींवर, दारांवर, रस्त्यांवर खडूनें काढलेलीं तीं अक्षरें दिसूं लागलीं. हां हां म्हणतां तें चिन्ह शेजारच्या देशांत गेलें. तारायंत्राच्या भाषेंतील त्याचे तीन टिंब व एक रेघ ब्रिटिश नभोवाणीवर वाजूं लागले. ज्या देशांत शंभर वर्षें एकेका शब्दावरून वाद झाला, त्या देशाच्या एका माणसानें भाषांतराची गरजच नसलेलें एक अक्षर शोधून काढलें. दोन्ही भाषा ज्याच्या कानांत सतत वाजत असतात अशाच माणसास हें सुचावें.

महायुद्धानंतर दोन्ही समाज आपापल्या भाषेंत सुखावले, पण एकमेकांपासून दूर गेले. १९६० सालीं राष्ट्रीय नभोवाणीच्या दोन स्वतंत्र संस्था झाल्या. फ्लेमिश मनुष्य आपलें पत्र वाचूं लागला व वालोन आपलें. १३ डिसेंबर २००६ रोजीं फ्रेंच दूरचित्रवाणीनें नेहमींचा कार्यक्रम थांबवून बातमी दिली कीं, फ्लांडर्सनें स्वातंत्र्य पुकारलें असून राजा देश सोडून गेला आहे. ती बातमी बनावट होती व लोकांस विचार करावयास लावण्यासाठीं रचलेली होती. परंतु असंख्य प्रेक्षकांनीं ती खरी मानली. ज्यांनीं शेजाऱ्याचें वर्तमानपत्र कधीं वाचलें नाहीं त्यांस शेजाऱ्याविषयीं कांहींही खरें वाटूं शकतें, हा त्या रात्रीचा धडा होता. २०१५ सालीं ब्रुसेल्समध्यें फ्लेमिश पत्रांतील निवडक लेख फ्रेंचमध्यें उतरवून देणारें ‘दारदार’ हें प्रकाशन सुरू झालें. ज्या बाजूस पूर्वीं दुसऱ्याची भाषा जाणण्याची गरज भासली नव्हती, त्या बाजूनें आतां दुभाष्याचें काम अंगावर घेतलें. शंभर वर्षें एकाच दिशेनें वाहणाऱ्या पाटास दुसऱ्या दिशेचा पाट मिळाला.

आव्हासनें पॅरिसमध्यें भाषांतराची कचेरी काढली त्याच १८३२ सालीं, जानेवारीच्या ६ तारखेस, मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व एक मराठी. तेथेंही दोन्ही भाषा जाणणारा संपादक मिळाला तो देशी बाजूस, कारण ज्याला गरज त्यानेंच परभाषा शिकावी हा नियम येथेंही लागू होता. परंतु जांभेकरांनीं मराठीस समासांत बसविलें नाहीं. इंग्रजीच्या शेजारीं तिचा स्तंभ उभा केला. फ्लेमिश लोकांस जें स्थान कायद्यानें मिळण्यास १८९८ साल यावें लागलें, तें एका तरुण शिक्षकानें आपल्या छापील पानापुरतें कोणाचाही हुकूम नसतां देऊन टाकलें.

ब्रुसेल्सच्या त्या चालकास आतां काय सांगावें? भाषांतरकार शोधतांना त्यानें अफवा व वार्ता यांतील रेषा ओळखणारा माणूस पाहावा, आंकडा दोनदां तपासणारा पाहावा, आणि ज्या वाचकासाठीं लिहावयाचें त्याच्या गांवचा कारभार जाणणारा पाहावा. असा माणूस मिळाला म्हणजे त्याचें नांव बातमीखालीं छापण्यास संकोच करूं नये.